दुसरा बहार : एक नोंदवहीतला, एक बोलीतला

संशोधनाचा विषय ठरवताना आपण बहुतेक वेळा उलटा प्रवास करतो. आधी कागदपत्रं कुठे आहेत ते बघतो आणि त्यांतून जेवढं निघेल तेवढाच प्रश्न विचारतो. यात गैर काही नाही. प्रबंध वेळेत पुरा करायचा तर साधनं हाताशी हवीतच. पण या सवयीमुळे होतं काय, की ज्यांनी कागद मागे ठेवला त्यांचाच इतिहास पुन्हा पुन्हा लिहिला जातो. ज्यांनी ठेवला नाही त्यांना 'पारंपरिक ज्ञान' या दोन शब्दांत गुंडाळून पहिल्या प्रकरणात बसवलं जातं, आणि दुसऱ्या प्रकरणापासून ते गायब होतात.

आज हे एका साध्या उदाहरणावरून बघू. प्रश्न असा आहे: फुलून गेलेल्या झाडाला त्याच वर्षात पुन्हा, किंवा आपल्याला हव्या त्या वेळी, फुलवायचं कसं?

याची दोन उत्तरं आपण शेजारी शेजारी ठेवणार आहोत. एक युरोप-अमेरिकेतल्या आयरिसच्या बागांत तयार झालं. दुसरं आपल्याकडे, डाळिंब, पेरू, मोसंबी आणि लिंबाच्या बागांत. पहिल्याचा इतिहास नावानिशी आणि सालानिशी सापडतो. दुसऱ्याचं ज्ञान आजही रोज वापरात आहे, पण ते कुणी, कधी काढलं याची ओळ कुठल्या नोंदवहीत सापडत नाही. हा फरक ज्ञानातला आहे की नोंदींतला, हे तपासायचं आहे.

दाढीवाला आयरिस

आयरिस आपल्या भागात फारसा कुणी लावत नाही, म्हणून थोडी ओळख. याच्या फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात आणि तीन खाली झुकलेल्या. खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो, त्यावरून 'दाढीवाला आयरिस' हे नाव पडलं. जमिनीत आल्यासारखं आडवं वाढणारं जाड खोड असतं. त्यातून पात्यांचा पंखा वर येतो आणि त्या पंख्यातून फुलाचा दांडा.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की एक पंखा आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या कडेने नवे कोंब येतात आणि पुढच्या वर्षी त्यांची पाळी असते. म्हणून साधा आयरिस वसंतात फुलला की वर्षभर नुसती पानं. काही जातींत मात्र कडेचे कोंब इतक्या लवकर तयार होतात, की त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात ते फुलून जातात. यांना पुन्हा फुलणारे आयरिस म्हणतात.

त्यांची निगा थोडी वेगळी असते. साधा आयरिस फुलोरा संपला की दुर्लक्ष सोसतो. दुबार फुलणाऱ्याला पहिला फुलोरा झाल्यावरही पाणी आणि हलकं खत चालू ठेवावं लागतं, कारण खरं काम तेव्हाच सुरू होतं. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि खोड सडतं. कोंबांची गर्दी होते म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून, तोडून, नव्याने लावावा लागतो. ऊन भरपूर हवं. पाणी साचता कामा नये.

कोरेगाव तालुक्यातल्या आलं लावणाऱ्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. गादीवाफा का करायचा, बेणं कसं निवडायचं, पाणी साचलं की कंदकूज कशी शिरते, हे त्याला सांगावं लागत नाही. रोगाचे जंतू वेगळे आहेत. आल्यात मुख्यतः पिथियमसारखी बुरशी असते, आयरिसच्या मऊ सडीत जिवाणू. पण शहाणपण एकच: जमिनीतलं खोड जगवायचं तर पाण्याला वाट करून द्यायची. फरक एवढाच, की आल्याला आपण मातीची भर लावतो आणि आयरिसच्या खोडाची पाठ उन्हाला उघडी ठेवतात.

नोंदवहीतला इतिहास

आता आयरिसची कागदपत्रं बघा. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० साली स्थापन झाली. १९२९ आणि १९३९ मध्ये तिने तोपर्यंतच्या नावांच्या मोठ्या याद्या छापल्या. जातीचं नाव, ती कुणी काढली, कधी, कशापासून, अशी नोंद ठेवायची शिस्त तिथून पक्की होत गेली. त्यामुळे आज आपण बसल्या जागी सांगू शकतो की नेब्रास्कातल्या हॅन्स आणि जेकब सास या शेतकरी भावांनी दुबार फुलणाऱ्या जातींवर सुरुवातीचं काम केलं, किंवा 'इम्मॉर्टॅलिटी' ही पांढरी, पुन्हा फुलणारी जात लॉइड झुरब्रिग यांनी १९८२ मध्ये आणली. हे झुरब्रिग संगीताचे प्राध्यापक होते. इतका तपशील मिळतो.

प्रबंध लिहिणाऱ्याला हे स्वर्गासारखं वाटतं. पण नोंदवही जरा मागे उलटा. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) हे आयरिसच्या संकरातलं मोठं नाव. त्यांनी तुर्कस्तानातल्या मिशनऱ्यांकडून मोठ्या फुलांचे आयरिस मागवले. त्यांतल्या एकाचं नाव 'आमास', कारण तो अमास्या गावाकडून आला. काश्मिरातला पांढरा आयरिसही त्यांच्या बागेत पोचला होता. काश्मिरात आयरिस कबरींवर लावतात, पिढ्यान्‌पिढ्या. फॉस्टर यांच्या नावावर असलेल्या एका जातीचं नाव 'काश्मीर व्हाइट' आहे.

बाहेरून आलेल्या या झाडांत नेहमीच्या युरोपीय आयरिसच्या दुप्पट, म्हणजे २४ ऐवजी ४८ गुणसूत्रं होती. फॉस्टर यांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. मार्क सिमोने यांच्यासारख्या संशोधकांनी गुणसूत्रं मोजली ती १९२०-३० च्या दशकांत. पण आजचे मोठे बागायती आयरिस, त्यांतले दुबार फुलणारेही, बहुतांशी याच मिश्रणातून पुढे आले.

आता नोंदवहीला विचारा: अमास्याच्या ज्या माणसाने तो गड्डा उकरून मिशनऱ्याच्या हातात दिला, त्याचं नाव काय? काश्मिरात कबरीवरचा आयरिस दर काही वर्षांनी उकरून, तोडून, पुन्हा लावणारे हात कुणाचे? तिथे नाव नाही, फक्त गाव आहे.

ही खूण लक्षात ठेवा. जिथे माणसाच्या जागी गावाचं नाव येतं, तिथे नोंदवही सुरू होण्याआधीचं काम लपलेलं असतं.

आपल्याकडे हेच दिसतं. 'गणेश' डाळिंबाच्या इतिहासात जी. एस. चिमा यांचं नाव येतं. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात १९३६ मध्ये त्यांनी ही निवड केली. ती कशातून केली? 'आळंदी' नावाच्या डाळिंबातून. चिमांचं नाव आहे, साल आहे. त्याच्या आधी फक्त आळंदी आहे. आल्यात 'माहीम' जात आहे, तसंच 'सातारी' आलंही आहे. गावं बोलतात, माणसं बोलत नाहीत.

बोलीतला इतिहास

आता दुसरं उत्तर. आयरिस ज्या देशांत वाढतो तिथे हिवाळा झाडाला सक्तीने झोपवतो. थंडी सरली की झाड जागं होतं आणि फुलतं. दख्खनच्या पठारावर थंडी एवढी कडक नसते. इथे डाळिंब, पेरू, लिंबू ही झाडं जवळजवळ वर्षभर वाढत राहतात आणि थोडं थोडं, विखरून फुलतात. असं विखुरलेलं फळ ना धड तोडणीला येत, ना बाजारात एकगठ्ठा जात. म्हणून झाडाला झोपवायचं काम शेतकऱ्याने स्वतःकडे घेतलं. थंडी तिथे जे करते ते इथे कोरड करते.

पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो, भारी असेल तर जास्त दिवस लागतात. जुन्या पद्धतीत बुंध्याभोवतीची माती काढून मुळं उघडी करायचे, बारीक मुळं छाटायचे. पानं पिवळी पडून गळायला लागली की छाटणी, खत, आणि मग पाणी. झाड एकदम, सगळं मिळून फुलतं. याला आपण 'बहार धरणं' म्हणतो.

हा बहार वर्षातून तीनपैकी एका वेळी धरता येतो. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा, जानेवारी-फेब्रुवारीचा, आंबे बहार. जूनच्या पहिल्या पावसाबरोबरचा मृग बहार. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. डाळिंबात यांची फळं साधारणपणे अनुक्रमे जुलै-ऑगस्ट, नोव्हेंबर ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हाती येतात.

आयरिसवाल्यांनी झाड बदललं, आपल्या बागाईतदारांनी वेळ बदलली. तिथे दुसरा फुलोरा बियाण्यात आहे, इथे कामात आहे. बियाण्याला नाव देऊन ते नोंदवता येतं. कामाची नोंद कुठे ठेवायची? ती भाषेत राहिली.

म्हणून भाषा हेच साधन धरून बघू. तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली, शब्दाचं मूळ. 'बहार' फारसी आहे आणि फारसीत त्याचा अर्थ वसंत ऋतू. वसंत वर्षातून एकदाच येतो. मराठी बागाईतीत मात्र एका वर्षात तीन बहार आहेत, म्हणजे तीन 'वसंत', आणि त्यांतला कुठला आणायचा हे माणूस ठरवतो. शब्द बाहेरून आला, पण त्याचा अर्थ इथल्या कामाने फिरवला.

दुसरी, क्रियापद. फुलांचा बहर *येतो*, पण फळबागेचा बहार *धरतात*. पहिल्या वाक्यात कर्ता झाड आहे, दुसऱ्यात माणूस. ताण *देतात*, पाणी *तोडतात*. ही सगळी क्रियापदं सांगतात की हे काम बोलणाऱ्यांच्या लेखी निसर्गाची कृपा नव्हतं, हिशेबाने केलेली कृती होती.

तिसरी, शब्दांचा प्रवास. भारतभरच्या फळबागांवर लिहिलेली इंग्रजी पाठ्यपुस्तकं उघडा. तिथे रोमन लिपीत हीच तीन नावं असतात: आंबे, मृग, हस्त. यांतलं 'आंबे' हे अनेकवचन मराठी आहे. पंजाबातला किंवा उत्तर प्रदेशातला विद्यार्थी हा शब्द पाठ करतो तेव्हा नकळत मराठी बागाईतदारांची परिभाषा पाठ करत असतो. ज्याचं नाव नोंदवहीत नाही, त्याचा शब्द पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

इथे थांबून सावध व्हायचं

एवढं वाचून कुणी म्हणेल, बघा, आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी सगळं माहीत होतं. संशोधकाने हे वाक्य लिहायचं नाही. नक्षत्राचं नाव जुनं आहे म्हणून ते ज्या पद्धतीला चिकटलं ती पद्धतही तितकीच जुनी, असा निष्कर्ष निघत नाही. जुनं नाव नव्या कामाला सहज चिकटतं. आपण मोटारीलाही 'गाडी'च म्हणतो. पद्धतीचा काळ ठरवायचा तर तारीख असलेला उल्लेख हवा. तो शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७), कॅम्पबेल यांच्या देखरेखीखालचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, त्यातला साताऱ्याचा एकोणिसावा खंड (१८८५), शेतकी खात्याची पत्रकं, शेतीची मराठी मासिकं. प्रत्येक ठिकाणी 'बहार' शब्द आहे का, असेल तर कुठल्या अर्थाने, आणि सोबतचं क्रियापद कुठलं, असा तक्ता करायचा.

उलट बाजूची चूकही टाळायची. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध १९२० मध्ये मांडला. क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवरच्या प्रयोगांतून झाडातली पिष्टमय द्रव्यं आणि नत्र यांच्या प्रमाणाचा विचार १९१८ मध्ये मांडला. पुढे ताणाचा परिणाम समजावताना हाच विचार वापरला गेला: वाढ थांबते, अन्न साठतं, मग फूल येतं. यावरून बहाराला 'शास्त्रीय आधार १९१८ नंतर मिळाला' असं लिहिलं जातं. वाक्य खोटं नाही, पण त्याचा रोख बघा. जणू त्याआधी बागाईतदार अंधारात चाचपडत होता. खरं तर शास्त्रज्ञाने 'का' सांगितलं. 'किती दिवस', 'कुठल्या जमिनीत', 'पान कितपत पिवळं झाल्यावर' हे बागेतच ठरत होतं आणि आजही बरंचसं बागेतच ठरतं.

कुणाला कुठला बहार परवडतो?

आता खऱ्या इतिहासाच्या प्रश्नाकडे येऊ. तीन बहार सगळ्यांना सारखेच उपलब्ध होते का?

मृग बहाराला ताण उन्हाळ्यात बसतो, विहिरी आटलेल्या असताना. म्हणजे ज्याच्याकडे उन्हाळी पाणी नाही त्याचाही मृग बहार साधतो. पाऊस पडला की झाड आपोआप जागं होतं. आंबे बहाराचं उलटं. फुलं हिवाळ्यात, फळं पोसायची भर उन्हाळ्यात. त्याला खात्रीचं पाणी लागतं. हस्त बहारात ताण पावसाळ्यात बसवायचा, म्हणजे पाऊस उघडण्याचा जुगार. साधला तर त्या फळाला भाव चांगला.

थोडक्यात, बहाराची निवड ही पाण्याच्या मालकीची निवड आहे. साताऱ्यात हे नकाशावर दिसतं. पश्चिमेला घाटमाथ्याचा धो-धो पाऊस, पूर्वेला माण-खटावचा दुष्काळी पट्टा, आणि मध्ये वसना-तिळगंगेच्या काठचं कोरेगाव. एका जिल्ह्यात पाणी तोडायची इच्छा असूनही पाऊस तोडू देत नाही अशी गावं आहेत, आणि पाणी तोडावंच लागत नाही, ते आधीच तुटलेलं असतं, अशीही गावं आहेत.

मग याची नोंद कुठे मिळेल? बागाईतदाराने बहाराची डायरी ठेवली नसेल, पण फळ विकलं आहे. आडत्याची पट्टी घरात खिळ्याला अडकवलेली किंवा ट्रंकेत पडलेली असते. पट्टीवर तारीख असते. डाळिंब डिसेंबरात विकलं असेल तर साधारण मृग बहार, जुलैत विकलं असेल तर आंबे बहार. एका घरातल्या वीस वर्षांच्या पट्ट्या लावल्या, तर विहीर कधी खोल केली, ठिबक कधी आलं, हे महिन्यांच्या सरकण्यातून दिसू शकतं. गावाच्या पातळीवर हेच काम बाजार समितीच्या महिनावार आवकेने होतं. अर्थात आवकेत बाहेरच्या तालुक्यांचा माल मिसळलेला असतो, म्हणून एकट्या आवकेवर विसंबायचं नाही. पट्टी, आवक आणि मुलाखत या तिन्ही एकमेकींवर तपासायच्या.

मुलाखतीसाठी एक सूचना. 'बहार कसा धरता?' असं विचारलं तर पुस्तकातलंच उत्तर मिळतं. 'कुठल्या वर्षी बहार हुकला?' असं विचारा. हुकलेल्या वर्षाबरोबर पाऊस, कर्ज, भाव, मजूर, भावकीतलं पाण्याचं भांडण, सगळं बाहेर येतं. आणि बाईंना वेगळं विचारा. पट्टी बहुधा पुरुषाच्या नावावर असते, खुरपणी-तोडणीचे दिवस बहुधा तिच्या लक्षात असतात.

नोंदवही कायद्याची असली तरी

शेवटी एक मुद्दा, कारण यात फक्त अभ्यासकाचं नाही, शेतकऱ्याचंही काही अडकलेलं आहे. आज आपल्याकडेही नोंदवह्या आहेत. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या वाणाची नोंद होते. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली गावाच्या नावाने मालाची नोंद होते. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला असं मानांकन आहे. पण यांत नोंद होते ती वाणाची किंवा मालाची. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे शेतीची किंवा बागाईतीची पद्धत हा शोध धरला जात नाही. हे एका अर्थी चांगलंच आहे. उद्या कुणी बहार धरण्याची मालकी सांगू शकत नाही. पण त्याच कारणाने ही पद्धत कुठल्या नोंदवहीत शिरतही नाही. ती सगळ्यांची राहते आणि कुणाचीच राहत नाही.

म्हणून हे काम इतिहास लिहिणाऱ्यावर येतं. तुमच्या विषयात आयरिससारखी भरलेली नोंदवही असेल तर तिचं पहिलं पान बघा, तिथे माणसाच्या जागी गाव कुठे कुठे आलंय ते टिपा. आणि बहारासारखं नोंदवही नसलेलं ज्ञान असेल तर शब्द, क्रियापद आणि विक्रीची तारीख या तीन ठिकाणी खणायला सुरुवात करा. कागद नाही म्हणून इतिहास नाही, असं प्रस्तावनेत लिहिण्याआधी निदान खिळ्याला अडकवलेल्या पट्ट्या तरी उतरवून बघितलेल्या असाव्यात.